पंपरूमची किल्ली आणि सुभेदाराची मुलगी

आमच्या सोसायटीत बंड झालं, तेव्हा सरकार म्हणजे मी होते.

कोथरूडमधली आमची सोसायटी तशी लहान. ए आणि बी अशा दोन विंग, मध्ये पार्किंग, पार्किंगच्या टोकाला हॉल आणि हॉलच्या भिंतीला चिकटून पंपरूम. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर घरी बसून काय करायचं, म्हणून मी सोसायटीची सेक्रेटरी झाले. (घरच्यांचं म्हणणं असं की, मी घरी बसून काय करीन या भीतीने त्यांनीच मला उभं केलं.)

त्या उन्हाळ्यात महापालिकेचं पाणी कमी झालं आणि मी सोसायटीला शिस्त लावली. सकाळी ठरावीक वेळ पाणी, संध्याकाळी ठरावीक वेळ पाणी, दोन्ही विंगना अगदी सारखं. टाकीचे व्हॉल्व्ह मी स्वतः फिरवायचे. वॉचमनवर माझा विश्वास नव्हता. पंपरूमची किल्ली ओळखपत्राच्या जुन्या फितीत ओवून मी गळ्यात घालत असे आणि ती फक्त आंघोळीच्या वेळी काढत असे.

ए विंगची काही तक्रार नव्हती. मी ए विंगमध्ये राहते.

बी विंगमधून मात्र रोज कोणीतरी यायचं. त्यांचे पुढारी होते वानखडे. मूळचे अमरावतीकडचे, पिंपरीच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. इतकी वर्षं पुण्यात राहूनही त्यांची बोली जशीच्या तशी होती, आणि आवाजही.

"मॅडम, आमच्याकडे पाणीच येऊन नाही राहिलं."

"पाणी येत नाही म्हणजे नक्की काय येतं?" मी विचारलं.

"हवा येते."

"मग लवकर उठत जा. पाणी सकाळी असतं."

"पहाटेपासून बादली घेऊन बसलो ना जी. व्हॉल्व्ह तरी दाखवा एकदा आम्हाले."

"पंपरूममध्ये सभासदांना प्रवेश नाही."

हा नियम मीच केला होता आणि तो मला फार आवडायचा.

शेवटी बी विंगने असहकार पुकारला. मीटिंगला येणं बंद, मेंटेनन्स भरणं बंद. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून सगळे एकाच वेळी बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचा ग्रुप काढला, ज्याचं नाव 'कोरडी विंग' होतं असं मला नंतर कळलं. लिफ्टमध्ये लोक एकमेकांकडे पाठ करून उभे राहू लागले. आमच्या लिफ्टमध्ये चार माणसं मावतात. त्यातली दोन इकडची आणि दोन तिकडची असली, की आत पाठी सोडून दुसरं काही दिसत नसे. तशी बी विंगला स्वतःची लिफ्ट आहे, पण पाठ करायला म्हणून ती माणसं मुद्दाम आमच्या लिफ्टने जायची.

अशा वेळी माझी मुलगी मुग्धा मला म्हणाली, "आई, एक दिवस सगळ्यांना हॉलमध्ये बोलाव आणि एखादा छान जुना सिनेमा दाखव. ताण कमी होईल."

मुग्धा आयटीत आहे आणि ताणाबद्दल तिला पुष्कळ माहिती आहे. मला कल्पना पटली. प्रोजेक्टर कुठून आणायचा म्हणेपर्यंत वानखड्यांचा मुलगा सौरभ स्वतःहून पुढे आला. मशीनचा इंजिनियर, सरळ मुलगा, "काकू, प्रोजेक्टर माझ्याकडे आहे, मी सगळं जोडून देतो" म्हणाला. शत्रूच्या गोटातला मुलगा इतका समंजस असू शकतो, याचं मला कौतुक वाटलं. मी ते मुग्धाला बोलूनही दाखवलं. ती "हो का?" म्हणाली आणि मोबाइलमध्ये बघू लागली.

सिनेमा मी निवडला. लहानपणी आईबरोबर बघितलेला, काळा-पांढरा. किल्ल्याच्या सुभेदाराची मुलगी आणि गावातला एक तरुण यांची प्रेमकथा. मला त्यातली गाणी आठवत होती, नायिकेची वेणी आठवत होती आणि एक विहीर आठवत होती. नायिका त्या विहिरीवर यायची आणि गाणं म्हणायची. ती विहीर कथेत कशासाठी होती, हा प्रश्न मला लहानपणी पडला नव्हता आणि पुढेही पडला नाही.

रविवारी संध्याकाळी हॉल भरला. ए विंग डावीकडे बसली, बी विंग उजवीकडे. मध्ये खुर्च्यांची एक अख्खी रांग रिकामी. मी डाव्या बाजूला पहिल्या रांगेत, शेजारी आमचे हे. मागे आमच्याच मजल्यावरचे जोशीकाका. उजवीकडे पहिल्या रांगेत वानखडे आणि वानखडेकाकू. सौरभने सिनेमा सुरू केला, दिवे घालवले, आणि पहिल्याच दृश्यात सुभेदाराने गावाच्या विहिरीवर पहारा बसवला.

मी खुर्चीत जरा खाली सरकले.

पडद्यावर बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. मग उजवीकडून वानखड्यांचा शांत आवाज आला, "हे तं ओळखीचं वाटून राहिलं."

बी विंग हसली.

"त्या गावकऱ्यांनी आधी गाड्या धुवायला पाणी वापरलं असणार," माझ्यामागून जोशीकाका म्हणाले. "दिग्दर्शकाने ते दाखवलेलं नाही."

ए विंग हसली. मी हसले नाही, कारण तेवढ्यात सुभेदाराचा चेहरा जवळून दिसला होता आणि त्याच्या गळ्यात किल्ली होती. किल्ल्याच्या दिंडी दरवाजाची. चांगली वीतभर लांब, साखळीत ओवलेली. हॉलमधली एकूण एक मान माझ्याकडे वळली. मी पदर खांद्यावरून ओढून गळ्याशी घट्ट धरला. पंखे असूनही घामाची धार पाठीवरून खाली जाताना मला स्पष्ट कळत होती.

"तू हा सिनेमा आधी बघितला होतास ना?" ह्यांनी हळूच विचारलं.

"गाणी बघितली होती," मी म्हणाले.

पुढे गावातल्या तरुणाने बंड केलं. बंडखोर डोंगरात जमू लागले. सुभेदाराची मुलगी विहिरीवर आली आणि तिने पहारेकऱ्यांच्या देखत एका तहानलेल्या माणसाला ओंजळभर पाणी पाजलं. तो माणूस म्हणजे बंडाचा म्होरक्या. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि माझं आवडतं गाणं सुरू झालं. ते गाणं इतकं गोड होतं की, दोन्ही बाजू गप्प झाल्या. वानखडेकाकूंनी डोळे पुसले. मला वाटलं, चला, निभावलं. आता दोन तास प्रेम बघतील आणि घरी जातील.

पण प्रेम काही एका जागी थांबत नाही. दरबारात सुभेदाराने मुलीला विचारलं, "तू कोणाची?" मुलगी म्हणाली, "जन्माने तुमची." आणि थांबली. ते थांबणं फार वाईट होतं. कुठल्या कुठल्या सुभेदाराच्या मुलीचं मला काय, असं मी स्वतःला समजावलं. मग रात्र झाली, सुभेदार झोपला, आणि मुलगी पाय न वाजवता आत आली. बापाच्या गळ्यातली किल्ली तिने हलकेच काढून घेतली आणि त्या जागी दुसरीच एक किल्ली ओवली.

माझा हात आपोआप गळ्याशी गेला. किल्ली होती. मी सुटकेचा श्वास सोडला आणि अंधारात ती बोटांनी चाचपली.

पंपरूमची किल्ली चपटी आहे. माझ्या हातातली किल्ली गोल होती, तिला भोक होतं. ती माळ्यावरच्या जुन्या ट्रंकेची किल्ली होती. (दुपारी कार्यक्रमासाठी म्हणून मी दुसऱ्यांदा आंघोळ केली होती. दुसऱ्यांदा. पाणीटंचाईत. कृपया हे बी विंगला सांगू नये.)

मी मागे वळून बघितलं. मुग्धाची खुर्ची रिकामी होती. मग उजवीकडे प्रोजेक्टरपाशी बघितलं. सौरभचं स्टूल रिकामं होतं. प्रोजेक्टर आपला आपण चालला होता.

"अहो, मुग्धा कुठे आहे?"

"असेल."

"कुठे असेल?"

"जिथे असेल तिथे असेल. बघ की सिनेमा."

हा माणूस एरवी मुग्धाला ऑफिसमधून यायला थोडा उशीर झाला तरी गॅलरीत येरझारा घालतो. तो इतका शांत बसलेला बघून मला जास्तच भीती वाटली.

मी उठले. सगळ्यांच्या समोरून जायचं, तर काहीतरी बोलणं भाग होतं. "घसा कोरडा पडलाय, जरा पाणी पिऊन येते," मी म्हणाले.

"आहे का?" उजवीकडून कोणीतरी विचारलं.

बाहेर अजून उजेड होता. मी हॉलला वळसा घालून पंपरूमकडे निघाले, तर मागून चपलांचा आवाज आला. वानखडे. त्यांनाही प्रोजेक्टरपाशी पोरगा दिसला नव्हता. आम्ही शेजारी शेजारी चालत दारापर्यंत गेलो. दार लोटलेलं होतं. आतून मुग्धाचा आवाज आला.

"जोरात फिरव ना."

"जोरात फिरवला तर तुटेल. जुना आहे गं."

"सौरभ, आई कधी येईल सांगता येत नाही."

वानखडे माझ्या कानाशी वाकून कुजबुजले, "मॅडम, तुमची मुलगी माझ्या पोराले बिघडवून राहिली."

"माझी मुलगी? माझ्या मुलीने आजवर वर्गात साधी कॉपी केलेली नाही."

"आज किल्ली चोरली ना पण."

मी दार ढकललं.

दोघं व्हॉल्व्हपाशी उकिडवे बसले होते. सौरभच्या हातात पाना, मुग्धाच्या हातात मोबाइलचा उजेड. आम्हाला बघून दोघंही उभे राहिले. कोणी पळालं नाही, कोणी दचकलं नाही. मुग्धाचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण तिने हनुवटी वर केली. ती हनुवटी माझी आहे. आरशात मी ती रोज बघते.

"काकू," सौरभ म्हणाला, "बी विंगचा व्हॉल्व्ह बिघडलाय."

"तो पूर्ण उघडा असतो. मी रोज स्वतः फिरवते."

"तुम्ही चाक फिरवता. चाक फिरतं, पण आतली झडप जागची हलत नाही. ती गंजून जवळजवळ बंद झाली आहे. हे बघा."

त्याने चाक फिरवून दाखवलं. ते छान गरागरा फिरलं आणि पाइपातल्या पाण्याच्या आवाजात काडीचा फरक पडला नाही. म्हणजे सगळा उन्हाळाभर मी रोज पदर खोचून, घड्याळ लावून, अगदी समान न्यायाने जे फिरवत होते, त्याचा पाण्याशी काही संबंध नव्हता.

"आणि हे बघायला तुम्ही दोघं, एकत्र, चोरून आलात?"

"समोरून मागितली असती तर किल्ली दिली असतीस?" मुग्धाने विचारलं. मग ती एक क्षण थांबली. ते थांबणं मी नुकतंच पडद्यावर बघितलं होतं. "आई, आम्हाला लग्न करायचंय."

"कोनाशी?" वानखडे म्हणाले.

"बाबा, इथे आणखी कोण आहे?" सौरभ म्हणाला.

मुग्धाने सगळा बेत सांगितला. बी विंगचं पाणी सुरू झालं असतं, भांडण मिटलं असतं, मग दोघं मिळून दोन्ही घरी सांगणार होते.

"आणि भांडण मिटलं नसतं तर?"

"सौरभला बंगळुरूची नोकरी आली आहे. तो गेला असता." तिचा आवाज एकदम खाली आला. "मीही गेले असते, आई."

एकुलती एक मुलगी. डोळ्यांत पाणी येणार असं वाटलं, आणि बी विंगच्या माणसासमोर ते येऊ नये म्हणून मी घाईने वाकले आणि व्हॉल्व्हचं चाक पकडलं.

"आधी हे बंद करा," मी म्हणाले.

"हात नका लावू मॅडम," म्हणून वानखड्यांनी चाकाची दुसरी बाजू धरली.

"सोडा."

"तुम्ही सोडा ना जी."

"काकू, बाबा, तो जुना आहे," सौरभ म्हणत होता.

मी एका दिशेला जोर लावला, वानखड्यांनी दुसऱ्या. कट्ट असा बारीक आवाज झाला आणि चाक, दांडा आणि त्याला चिकटलेली गंजकी झडप असं सगळं माझ्या हातात आलं. त्यापाठोपाठ पाणी आलं. मनगटाएवढी जाड धार सरळ वानखड्यांच्या छातीवर बसली आणि ते मागे भिंतीला जाऊन टेकले. सौरभने भोकावर हात धरला, तर धार फुटून चारी दिशांना उडू लागली. मुग्धाने ओढणीचा बोळा कोंबला. ओढणी क्षणात छताला जाऊन चिकटली. मी हातात चाक घेऊन मधोमध उभी होते, आणि खरं सांगते, तेव्हाही मी ते हवेत फिरवून बघितलं.

पंपरूमचा उतार हॉलकडे आहे. आत तेव्हा बंडखोर किल्ल्याच्या दाराशी आले होते, सुभेदाराची मुलगी किल्ली लावत होती आणि गावकरी पहारा मोडून विहिरीकडे धावत होते. पहिली घागर विहिरीतून वर आली आणि त्याच वेळी हॉलच्या दाराखालून पाणी आत शिरलं. ह्यांनी नंतर सांगितलं की, बी विंगने आधी टाळ्या वाजवल्या. जोशीकाका पाय वर घेऊन म्हणाले, "सोय चांगली केली आहे हो सेक्रेटरीबाईंनी." मग कोणाला तरी प्रोजेक्टरची वायर आठवली आणि सगळे खुर्च्या टाकून बाहेर धावले.

पार्किंगमध्ये दोन्ही विंग घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. समोरून आम्ही चौघं आलो, नखशिखांत भिजलेले. मुग्धाचा हात सौरभच्या हातात होता, आणि तिने तो सोडवला नाही. साठ-सत्तर माणसं तो हात बघत होती. मी काहीतरी बोलेन म्हणून सगळे वाट बघत होते. माझ्या हातात अजून चाक होतं.

वानखडेकाकू गर्दीतून पुढे आल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. त्यांनी आपला पदर सोडून मुग्धाचं डोकं खसाखसा पुसलं. "पोरीले सर्दी होईन," त्या म्हणाल्या. "उभे काय राहिले सगळे? टॉवेल आणा कोणीतरी."

मुग्धा त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. इतक्या सवयीने ठेवलं की, ते पहिल्यांदाच ठेवलं नव्हतं हे मलाही कळलं.

"तुम्हाला माहीत होतं?" मी ह्यांना विचारलं.

"तुला नव्हतं?" ते खरोखर चकित झाले होते. "अगं, मुग्धाच्या डब्यातून घरी सारख्या सांबारवड्या येत होत्या. कोथिंबीर भरलेल्या, तिखट, अस्सल वऱ्हाडी. त्या कोण करतंय असं वाटलं तुला?"

"पोळीभाजी केंद्र," मी म्हणाले.

टाकी पूर्ण रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी प्लंबर येईपर्यंत कोणाकडेच पाणी नव्हतं, ना ए ना बी. टँकर मागवला आणि त्याच्यासमोर दोन्ही विंगची मिळून एकच रांग लागली. ज्यांनी महिनाभर एकमेकांकडे पाठी केल्या होत्या, ते आता एकमेकांच्या बादल्या उचलून देत होते. रांगेत माझ्यापुढे वानखडे होते.

"मॅडम," ते मागे न वळता म्हणाले, "पोरगं बंगळुरूले गेलं असतं तं माझी बायको जेवली नसती."

"मी जेवले असते," मी म्हणाले. "पण कोणाशी भांडले असते?"

ते वळले. माझी बादली त्यांनी आपल्या हातात घेतली आणि आपल्या आधी भरली.

त्या दुपारी मी मुग्धाला विचारलं, "खरंच गेली असतीस?" ती म्हणाली, "गेले असते आणि रोज फोन करून रडले असते." मग आम्ही दोघी रडलो. त्या दिवसापुरता मी डोळ्यांच्या पाण्यावर काही नियम लावला नाही.

नवा व्हॉल्व्ह बसला. सौरभने बंगळुरूला नकार कळवला. मी सेक्रेटरीपदाचा राजीनामा दिला आणि तो दोन्ही विंगनी एकमताने मंजूर केला. सोसायटीत एकमताने मंजूर झालेली ती पहिलीच गोष्ट.

दिवाळीनंतर लग्न झालं. कर्वे रस्त्याजवळच्या कार्यालयात, दोन्ही विंगच्या हजेरीत. नवरदेवाचे पाय धुवायची वेळ आली. हे पाटासमोर ताम्हन घेऊन बसले, मी तांब्या धरला. ह्यांनी सौरभचे पाय धुवायचे आणि मी वरून पाणी घालायचं. गुरुजी मंत्र म्हणत होते. मी धार सोडली.

"ताई, जरा सढळ हाताने," गुरुजी मंत्र थांबवून म्हणाले.

मी आणखी थोडी सोडली.

"ताई, बोटंसुद्धा भिजली नाहीत."

सगळा मांडव बघत होता. तेवढ्यात मागून वानखड्यांचा तो ओळखीचा, शांत आवाज आला.

"राहू द्या गुरुजी. आमच्याकडे एवढंच येते."

दोन्ही विंग पहिल्यांदाच एका वेळी, एकाच गोष्टीला हसल्या. मी चिडून तांब्या पुरता उपडा केला. त्यातून एकच थेंब पडला. पाणी संपलं होतं.

तांब्या मीच भरून आणला होता. घोटभर.